दृष्टी वाचविण्याची वेळ

१ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून जालना जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यात आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांहून अधिक आहे. कापूस, ज्वारी, सोयाबीन आणि मोसंबी ही येथील शेतीची ओळख, तर बियाणे उद्योग आणि लोखंडी सळ्यांचे कारखाने ही जालना शहराची. कापसाची वेचणी असो, मोसंबीची तोडणी असो, बियाण्याची निवड असो की वेल्डिंगचे काम असो, हाताइतकीच नजरही येथे राबत असते. ती नजर गेली म्हणजे एका माणसाचे काम थांबतेच. शिवाय त्याला हात धरून नेण्यासाठी घरातील दुसऱ्या कोणाला, पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या नातवंडाला, घरी थांबावे लागते.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. पन्नास वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांतील अंधत्वात सुमारे दोन तृतीयांश वाटा एकट्या मोतिबिंदूचा होता. म्हणजेच बहुतेक अंधत्व टाळता येण्याजोगे किंवा बरे करता येण्याजोगे आहे. तरीही ते येते, याचे एक मोठे कारण विलंब हे होय. डोळ्यांचे सर्व विकार सारखा अवधी देत नाहीत. काहींत काही महिने गेले तरी नजर परत मिळते. काहींत गेलेली नजर पुन्हा कधीच येत नाही. तर काहींत प्रश्न केवळ काही तासांचा असतो. कोणता विकार किती अवधी देतो, हे गावातील जाणत्यांना माहीत असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मोतिबिंदू : पिकण्याची वाट कशासाठी?

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. वयोमानाने ते गढूळ होत जाते, त्यालाच मोतिबिंदू म्हणतात. नजर हळूहळू धूसर होते, समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश फाकल्यासारखा दिसतो, चष्म्याचा क्रमांक वारंवार बदलतो. मात्र डोळा दुखत नाही. कोणत्याही थेंबाने किंवा अंजनाने मोतिबिंदू जात नाही. शस्त्रक्रिया हाच त्यावरील उपाय आहे.

"मोतिबिंदू पिकू द्या, मग काढू," असे आजही खेड्यापाड्यांत ऐकावयास मिळते. ही समजूत निराधार नव्हती. पूर्वीच्या पद्धतीत संपूर्ण भिंग काढून टाकीत आणि रुग्णाला जाड काचांचा चष्मा देत. त्या चष्म्याने दिसे, पण बाजूचे नीट दिसत नसे. म्हणून नजर पुरती अधू होईपर्यंत थांबणे त्या काळी शहाणपणाचे होते. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडले यांनी मानवी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. आपल्याकडे ही पद्धत शासकीय कार्यक्रमात सर्वदूर पोहोचण्यास मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने ज्या सात राज्यांत मोतिबिंदू शस्त्रक्रियांचा प्रकल्प राबविण्यात आला, त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता.

आता भिंग बसविले जात असल्याने पिकण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. दैनंदिन कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करून घ्यावी. उलट मोतिबिंदू फार पिकला तर तो कठीण होतो, शस्त्रक्रिया अवघड होते, आणि कधी भिंग फुगून डोळ्यातील दाब वाढतो व नजर कायमची जाते. शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. जालना येथील श्री गणपती नेत्रालयासारख्या धर्मादाय संस्थाही या भागात नेत्रसेवेचे काम करीत आहेत.

काचबिंदू आणि मधुमेह : न दुखणारे शत्रू

पिकण्याच्या समजुतीचा खरा धोका वेगळाच आहे. म्हाताऱ्या माणसाला कमी दिसू लागले की "मोतिबिंदू असेल" असे म्हणून सारे थांबतात, आणि प्रत्यक्षात तो काचबिंदू असतो. काचबिंदूत डोळ्यातील दाबामुळे मेंदूकडे दृष्टी नेणारी नस हळूहळू निकामी होते. प्रथम कडेची नजर जाते. समोरचे दिसत राहिल्याने रुग्णाला त्याची जाणीवही होत नाही. बैलगाडी, दुचाकी, दाराची चौकट यांना धक्के बसू लागतात, तोवर पुष्कळ हानी झालेली असते. ही हानी भरून येत नाही. थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया यांनी उरलेली नजर राखता येते, एवढेच. म्हणून चाळिशीनंतर, विशेषतः आईवडील किंवा भावंडांपैकी कोणास काचबिंदू असल्यास, डोळ्यांची नियमित तपासणी करावी. डोळा एकाएकी लाल होऊन तीव्र वेदना, उलट्या आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, तर तो तीव्र काचबिंदू असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मधुमेहाचेही तसेच आहे. रक्तातील साखरेमुळे डोळ्याच्या मागील दृष्टिपटलावरील बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. नजर चांगली असतानाच हा बिघाड सुरू झालेला असतो. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने, काहीही त्रास नसला तरी, वर्षातून एकदा बाहुली रुंद करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. गावातील ज्या व्यक्ती मधुमेहाच्या गोळ्या घेतात त्यांची यादी आरोग्य उपकेंद्रात असतेच. त्या यादीवरून नेत्रतपासणीचा पाठपुरावा करता येईल.

शेतातील इजा : प्रश्न तासांचा

ज्वारीचे कूस, उसाचे पाते, मोसंबीचा काटा किंवा मळणीयंत्रातून उडालेला भुसा डोळ्यास लागतो. बुबुळावरील पारपटलास ओरखडा पडतो. ओरखडा लहान, दुखणे बेताचे. म्हणून शेतकरी काम पुढे चालू ठेवतो. त्या ओरखड्यातून जंतू किंवा बुरशी आत शिरते, व्रण होतो, आणि तो बरा झाला तरी मागे पांढरा डाग राहतो. यालाच लोक "फूल पडले" असे म्हणतात.

नेपाळमधील भक्तपूर येथे झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तेथील गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांनी पारपटलास ओरखडा पडलेल्यांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिले. ज्यांचा उपचार १८ तासांच्या आत सुरू झाला, त्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्यांपैकी मात्र चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांना तो झाला. मलम तेच होते. फरक होता तो केवळ वेळेचा.

गावात याच्या नेमके उलट घडते. डोळ्यात पाल्याचा रस, मध, तूप किंवा अंगावरचे दूध घातले जाते; कण जिभेने काढला जातो. यातून जंतूंचा शिरकाव होतो. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालणे तर अधिकच घातक. लाली तात्पुरती कमी होते आणि आत बुरशी बळावते. इजा झाल्यावर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी किंवा नळी फुटून चुना मुलांच्या डोळ्यात उडण्याचे प्रसंग घडतात. अशा वेळी आधी दवाखान्याकडे धावू नये. प्रथम भरपूर पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा, पापणीखालील चुन्याचे कण धुऊन काढावेत आणि मगच दवाखान्यात न्यावे. वेल्डिंगच्या झोताने होणारा दाह रात्री उसळतो व सहसा एकदोन दिवसांत शमतो; परंतु ग्राइंडरचा तप्त कण पारपटलात रुतल्यास तो सुईने टोकरून काढू नये. संरक्षक चष्मा हाच त्यावरील स्वस्त उपाय आहे.

बालकांचे डोळे : ठरावीक वयापर्यंतच संधी

लहान मुलाचा मेंदू पाहावयास शिकत असतो. एखाद्या डोळ्याचा क्रमांक जास्त असेल किंवा तो तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि तो डोळा "आळशी" होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास तो बहुधा सुधारतो. पुढे ते कठीण होत जाते. तिरळेपणा भाग्याचा मानून थांबणे म्हणूनच चुकीचे आहे. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसल्यास एकही दिवस दवडू नये. मोतिबिंदू किंवा डोळ्याचा कर्करोग यांचे ते लक्षण असू शकते. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे दृष्टिपटल जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासून घेणे आवश्यक आहे.

अ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो आणि पुढे पारपटल विरघळून जाते. त्यासाठी नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाच्या नऊ मात्रा दिल्या जातात. शेवग्याचा पाला, मेथी, पपई, आंबा व अंडी यांचाही आहारात उपयोग करावा.

शिक्षकांचे स्थान येथे मोलाचे आहे. फळ्याजवळ जाणारे, पुस्तक नाकाशी धरणारे, डोळे बारीक करून पाहणारे मूल त्यांच्याच नजरेस प्रथम पडते. सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता लावून प्रत्येक डोळा स्वतंत्र तपासणे कोणत्याही शाळेत शक्य आहे. मुलीला चष्मा लागला तर लग्न जमणार नाही, या भीतीने पालक तो वापरू देत नाहीत. त्यांची समजूत घालण्याचे कामही शिक्षकच अधिक परिणामकारकपणे करू शकतात.

डोळे येणे

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. हा विकार बहुधा विषाणूंमुळे होतो आणि एकदोन आठवड्यांत बरा होतो. हात धुणे, रुमाल व टॉवेल वेगळा ठेवणे एवढ्यानेही प्रसार रोखता येतो. मात्र लाल डोळ्याबरोबर तीव्र वेदना असल्यास किंवा अंधुक दिसू लागल्यास ते केवळ डोळे येणे समजू नये.

गावाने करावयाचे काम

साठी ओलांडलेल्या प्रत्येक व्यक्तीची नेत्रतपासणी झाली आहे किंवा नाही, याची नोंद आशा कार्यकर्तीच्या मदतीने ग्रामपंचायतीस ठेवता येईल. जी वृद्ध स्त्री एकटी आहे, जिला तालुक्याच्या रुग्णालयात नेणारे कोणी नाही, तिच्याबाबत शस्त्रक्रिया विनामूल्य असूनही उपयोग होत नाही. तिला सोबत व वाहन मिळवून देणे हे पंचायतीचे काम ठरते. ज्यांच्या पारपटलावर फूल पडले आहे त्यांना नेत्रदानातून दृष्टी मिळू शकते. त्यासाठी मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीस कळवावे लागते, कारण सहा तासांच्या आत नेत्र काढून घ्यावे लागतात. चष्मा वापरणारे आणि मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झालेले लोकही नेत्रदान करू शकतात.

खुपऱ्यांचा रोग एके काळी देशात अंधत्वाचे मोठे कारण होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. स्वच्छता, औषधोपचार आणि अनेक वर्षांचे सातत्य यांतून हे साध्य झाले. उरलेल्या विकारांबाबतही तेच करता येण्यासारखे आहे. मात्र त्यासाठी डोळ्याचे दुखणे "पाहू उद्या" म्हणून टाळण्याची सवय प्रत्येक घराने सोडली पाहिजे.