रॉडवरचा क्षार

लातुरात शिकवणीला आयन घ्यायचे असले, की मी पाणी तापवायचा जुना रॉड पिशवीत टाकून नेतो. 2016 च्या उन्हाळ्यातला आहे तो. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पण आमच्या गल्लीची भिस्त बोअरवरच. त्या पाण्यानं रॉडवर नखाएवढा जाड, पांढरा क्षार चढला. बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट.

गाइडांत छापलेलं असतं, अणूला अष्टक पूर्ण करायची 'इच्छा' असते. अणूला कसली आलीय इच्छा! मी पोरांना भाव सांगतो. अडतीच्या गावात तो लगेच कळतो. कॅल्शियमकडे 20 इलेक्ट्रॉन, मांडणी 2, 8, 8, 2. बाहेरचा पहिला काढायला मोलमागे 590 किलोज्यूल पडतात, दुसऱ्याला 1145. तिसऱ्याला? 4912! कारण आता हात आतल्या, केंद्रकानं घट्ट धरलेल्या कवचाला घालायचा. एवढा भाव कोण देणार? सौदा दोनावरच थांबतो आणि उरतात 18, राजवायू अरगॉनसारखेच मांडलेले. पहिले दोनसुद्धा फुकट सुटत नाहीत. तो खर्च ऋण आयनांची ओढ भरून काढते, नाहीतर भोवती गोळा होणारे पाण्याचे रेणू.

नांदेडकडची पोरं असली की उलटं उदाहरण घेतो. फ्लोरिनकडे 9 इलेक्ट्रॉन. एक मिळाला की झाला फ्लोराइड: इलेक्ट्रॉन 10, थेट निऑनची मांडणी. आता निऑन कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांच्या बोअरमध्ये हाच फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असतो. तसलं पाणी लहानपणापासून पोटात गेलं, की तो दाताच्या एनॅमलची घडण बिघडवतो; दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. मांडणी राजवायूची, पण अंगावर एक ऋण प्रभार आहे ना!

दरवर्षी मागच्या बाकावरून एक प्रश्न ठरलेला: "सर, कॅल्शियम अरगॉनसारखं झालं, तर वायू होऊन उडून का जात नाही?"

"प्रोटॉन मोज," मी म्हणतो. अरगॉनचे 18, ह्याचे अजून 20 च.

मग रॉड वाटीत धरून त्यावर लिंबू पिळतो. फसफसून जातो तो कार्बन डायऑक्साइड. कॅल्शियम वाटीतच राहतं, ते 18 इलेक्ट्रॉन सांभाळत.