पाणथळ भूमी : स्वरूप आणि प्रकार

पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीत सामावलेल्या कासारवाडीच्या कडेने पवना नदी वाहते आणि पुढे दापोडी येथे मुळेस मिळते. अशा नदीकाठची सखल, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी जमीन ही पडीक जागा होय, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती पाणथळ भूमी असून तिचे कार्य मोलाचे आहे.

व्याख्या

इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ भूमीविषयक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली सहभागी झाला. या करारानुसार नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा हंगामी, वाहते वा साचलेले, गोडे, मचूळ वा खारे पाणी असलेले प्रदेश व दलदली पाणथळ भूमीत मोडतात. ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा अधिक खोल नसलेला सागरी भागही त्यात येतो.

तीन प्रमुख प्रकार

पहिला प्रकार सागरी व किनारी. खाड्या, खाजणे आणि खारफुटीची वने यांत येतात. ठाण्याची खाडी हे त्याचे उदाहरण.

दुसरा अंतर्गत. नद्या, पूरमैदाने, सरोवरे व दलदली यांचा त्यात समावेश होतो. उल्कापाताने निर्माण झालेले लोणारचे खारे सरोवर याच वर्गातील आहे.

तिसरा मानवनिर्मित. तलाव, भातखाचरे, मिठागरे व धरणांचे जलाशय यांत मोडतात. गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे तयार झालेले नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. २०२० मध्ये लोणार आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी यांनाही हा दर्जा मिळाला.

उपयुक्तता

पाणथळ भूमी पुराचे पाणी पसरू देते, त्याचा वेग मंदावते आणि काही पाणी जमिनीत मुरवते. लव्हाळे, पाणकणीस यांसारख्या वनस्पतींमध्ये गाळ अडतो. चिखलातील सूक्ष्मजीव पाण्यातील नत्रयुक्त द्रव्यांचे विघटन करतात. मात्र या शक्तीस मर्यादा आहे. सांडपाण्याचा भार वाढला की जलपर्णी फोफावते, तिच्या थराखाली प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. पवनेचे पाणी मुळा, मुळा-मुठा व भीमा या मार्गाने उजनी जलाशयास मिळते. म्हणजेच येथील अस्वच्छतेचा परिणाम तेथील मासेमारीवर व भिगवणच्या रोहित पक्ष्यांवरही होऊ शकतो.

संरक्षण

केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ भूमी नियमांत नदीपात्रे, भातखाचरे व सिंचनासाठी बांधलेले जलाशय यांचा समावेश नाही. त्यामुळे पवनाकाठासारख्या ठिकाणी पूररेषेचे पालन अधिकच अगत्याचे ठरते. काठावर राडारोडा टाकून भराव केला, तर पाण्याची जागा कमी होते. पाणी मात्र कमी होत नाही. ते समोरच्या काठावर अथवा सखल भागातील घरांत शिरते. म्हणून सांडपाण्यावर प्रक्रिया करणे आणि नदीची जागा मोकळी राखणे या दोन्ही गोष्टींत नगरपालन यंत्रणा, कारखानदार आणि नागरिक यांचा सारखाच वाटा असला पाहिजे.