कोल्हापूरचे लेखक, अखेर कुठे?

आपल्याकडे बहुतेक लेखकांना अग्नी मिळतो, त्यामुळे कबरीपाशी थांबून वाचण्यासारखा शिलालेख सहसा नसतो. आठवण शोधायची ती घरात, गावात, संग्रहालयात.

वि. स. खांडेकर (१८९८-१९७६) जन्मले सांगलीत. १९२० पासून शिरोड्यात शिक्षक होते आणि १९३८ मध्ये कोल्हापूरला आले ते इथलेच झाले. हंस पिक्चर्ससाठी त्यांनी पटकथा लिहिल्या. ‘ययाति’ या कादंबरीने १९७४ चे ज्ञानपीठ आणले, मराठीतले पहिले. अखेरच्या काळात दृष्टी गेली, तरी मजकूर सांगून लिहवून घेणे थांबले नाही. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्यांना भेटायचे तर शिवाजी विद्यापीठातले स्मृती संग्रहालय गाठावे. कोल्हापूरच्या प्रत्येक शाळेने मुलांना तिथे न्यायलाच हवे.

इतरांची वाटही जिल्ह्याबाहेरच संपली. पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत १७९४ मध्ये बारामतीत वारले. आजऱ्याचे शिवाजी सावंत २००२ मध्ये मडगावात, तर कागलचे आनंद यादव २०१६ मध्ये पुण्यात. यादवांच्या ‘झोंबी’ या आत्मकथनातले कागल मात्र वाचकाला आजही पायी फिरता येते.