नव्याण्णव टक्क्यांचा हिशेब

पेन्सिल्वेनियातील निटनी पर्वताजवळ वसलेल्या स्टेट कॉलेज या विद्यापीठनगरीत, पेन स्टेट विद्यापीठातील हॉवर्ड सॅलिस यांच्या प्रयोगशाळेने 2020 साली एक गणनापद्धती प्रसिद्ध केली. इच्छित डीएनएचा अनुक्रम तिला दिला, की तो खंड अल्प मुदतीत घडवून मिळेल किंवा नाही, याचे अनुमान ती आधीच सांगते. अशा अनुमानाची गरज का भासावी, हे जाणण्यासाठी ज्या सच्छिद्र काचकणांवर कृत्रिम डीएनए घडविला जातो, त्यांच्यापर्यंत जावे लागते.

मुलतानजवळच्या रायपूर खेड्यात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी 1970 मध्ये पहिले जनुक प्रयोगशाळेत रचले, तेव्हा प्रत्येक जोडणीनंतर इष्ट पदार्थ मिश्रणातून वेगळा काढण्यात सहकाऱ्यांचे अपार श्रम खर्ची पडत. साखळीचे एक टोक घन आधाराला बांधावे आणि उरलेली रसायने नुसती धुऊन टाकावीत, ही रसायनशास्त्रज्ञ मेरिफील्ड यांनी 1963 मध्ये पेप्टाइडांसाठी केलेली तजवीज दुसरे रसायनशास्त्रज्ञ लेट्सिंगर यांनी डीएनएकडे वळविली. आणि लेट्सिंगर यांचे शिष्य व खुराना यांचे सहकारी राहिलेले मार्विन कॅरुथर्स यांनी 1981 मध्ये टिकाऊ फॉस्फोरामिडाइट घटक देऊन तिला पूर्णत्व आणले.

यातील क्रम मोठा शिस्तीचा आहे. अम्लाने टोकावरील संरक्षक गट उतरवितात, नवा घटक जोडतात, जोडणी चुकलेली टोके कायमची बंद करतात आणि आयोडीनने नवा बंध पक्का करतात. उतरलेला गट द्रावणाला नारिंगी रंग देतो आणि त्या रंगाच्या गडदपणावरून मागील जोडणी कितपत साधली याची मोजदाद होते. रसायनशास्त्रातील इतकी प्रामाणिक नोंदवही मला अन्यत्र क्वचितच दिसली.

तथापि प्रत्येक जोडणी 99 टक्के साधली, तरी 100 घटकांच्या पूर्ण साखळ्या सुमारे 37 टक्केच हाती येतात आणि 200 घटकांच्या जेमतेम साडेतेरा. म्हणूनच लांब जनुके लहान तुकडे सांधून रचावी लागतात, आणि अनुक्रमात तेच ते पुन्हा आले, की तुकडे भलत्याच ठिकाणी जुळतात. स्टेट कॉलेजच्या गणनेचे मोल येथे आहे. याच प्रयोगशाळेने 2020 मध्येच, पुनरावृत्ती टाळणारे हजारो जनुकीय घटक रचण्याची रीतही प्रसिद्ध केली, आणि माझ्या मते दोहोंपैकी अधिक दूरगामी काम तेच होय.