माथेरान एका दिवसात? होतं की!

आचोळ्यातल्या शेजाऱ्यांनी विचारलं, म्हणून लिहितोय.

नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल, दादरला बदलून नेरळ. टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे खाजगी गाड्यांना बंदी. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे आले, तेव्हापासून हे थंड हवेचं ठिकाण.

गाईड किंवा घोडेवाला 'इतके पॉइंट' म्हणाला की भुलू नका. पॉइंटची नावं घेऊनच दर ठरवा. माझ्या मते शार्लोट तलाव, लॉर्ड पॉइंट, इको पॉइंट एवढं पुरे.

तलावाचं पाणी गाव पितं, तेव्हा पाय बुडवू नका. काठावरच पिसारनाथाचं देऊळ आहे.

हातात खाऊची पिशवी दिसली की माकडं ओढतातच. आणि लाल मातीत पांढरे बूट? नकोच!

काही विचारायचं असेल तर खाली लिहा.