एका नगासाठी हाताचं चाक

धाराशिव जिल्ह्यातल्या वर्कशॉपमध्ये येणारं काम बहुतेक वेळा एकाच नगाचं असतं. रसवंतीच्या चरकाचा गिअर दात मोडून येतो. मळणी यंत्राच्या पुलीतली चावीची खाच झिजून रुंद झालेली असते. विहिरीवरच्या मोटरीत बेअरिंग बसतं ती जागा खाऊन गेलेली असते. सोयाबीनची काढणी तोंडावर, गिऱ्हाईक बाकड्यावर बसलेलं, आणि ड्रॉइंग म्हणाल तर तो मोडलेला नगच. वेल्डिंग, ड्रिलिंग, लेथ अशी कामं तालुक्याला उरकतात. मिलिंगचं नेमकं काम निघालं की सोलापूर नाहीतर लातूर गाठायची वेळ येते. निती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचं उस्मानाबाद होतं. साखर कारखाने सोडले तर मोठा यंत्रोद्योग इथे थोडाच.

अशा ठिकाणी घरी बांधलेल्या सीएनसी मिलिंग यंत्राची कल्पना कुणालाही भुरळ घालील. स्टेपर मोटरी, त्यांचे ड्रायव्हर, स्क्रू, रेल हे सगळं आता कुरियरने घरपोच येतं. सांगाडा लोखंडी चॅनेलचा किंवा अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचा. मेंदूच्या जागी आर्डुइनोचा छोटा बोर्ड आणि त्यावर ‘ग्रबल’ हे मोफत सॉफ्टवेअर. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी ते २००९ मध्ये खुलं केलं आणि जगभरच्या हौशी कारागिरांचं काम सोपं झालं.

पण सीएनसीची घडण मुळात अनेक सारख्या नगांसाठी आहे. प्रोग्रॅम एकदा लिहायचा, नग शंभर काढायचे. एका प्लेटचा माथा साफ करायचा, एवढंच काम असेल तर संगणक उघडा, चित्र काढा, कटरचा मार्ग आखा, फाइल पाठवा, हा सगळा खटाटोप कामापेक्षा मोठा होतो. हँडलच्या जुन्या मिलिंगवर तेवढ्या वेळात जॉब उतरलासुद्धा असता. म्हणून यंत्र बांधून चालू झालं की त्याला हाताने चालवायची सोय हवी, ही गरज लवकरच पुढे येते.

हात बाजूला काढण्यासाठी

यात गंमत अशी की हे यंत्र जन्माला आलं तेच हँडलवरचा हात काढून टाकण्यासाठी. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ट्रॅव्हर्स सिटीमध्ये जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याच्या वक्राचे बिंदू कोष्टकात मांडलेले असत. ते आकडे पुकारले जात आणि कामगार एकेका अक्षाचं हँडल त्या आकड्यावर नेत. हे आकडे यंत्रालाच वाचता आले तर, हा पार्सन्स यांचा विचार. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्यासाठी पैसे दिले, काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत गेलं आणि १९५२ मध्ये सिनसिनाटी कंपनीचं हायड्रोटेल मिलिंग यंत्र छिद्रांच्या टेपवरून चालवून दाखवण्यात आलं.

तरीही हात पुरता सुटला नाही. पुण्या-चाकणच्या कारखान्यांतल्या लाखो रुपयांच्या सीएनसी यंत्रावरही काळं, गोल, टिकटिक फिरणारं चाक असतंच. ऑपरेटर त्याला ‘एमपीजी’ म्हणतात, आणि पॅनेलवर ‘हँडल मोड’ निवडून जॉब सेट करतात. कारण यंत्राला आकडे कळतात, पण वाइसमध्ये बांधलेला लोखंडाचा तुकडा नेमका कुठे आहे, हे त्याला कुणीतरी दाखवावं लागतं.

एमआयटीतूनच पन्नास वर्षांनी दुसरी एक गोष्ट महाराष्ट्रात आली. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला होता. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून आलेल्या कलबागांचा भर हाताने काम करत शिकण्यावर होता. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांच्या कल्पनेतल्या, त्या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. जगभरच्या फॅब लॅबमध्ये रोलँड कंपनीचं ‘मोडेला’ हे टेबलावर मावणारं मिलिंग यंत्र वर्षानुवर्षं वापरात राहिलं. संगणकावर चालणाऱ्या या यंत्रावरही टूल वर-खाली करायची बटणं आहेत. आणि तांब्याच्या सर्किट बोर्डवर झिरो घेताना विद्यार्थी काय करतात? अ‍ॅलन कीने स्क्रू सैल करून बारीक कटर बोटांनी अलगद बोर्डावर टेकवतात आणि स्क्रू पुन्हा आवळतात. यंत्राची सुरुवात कुठून, हे शेवटी बोटंच ठरवतात.

वीस मिलिमीटरचा शाफ्ट

हाताच्या चाकाचा उपयोग एका कामात नीट दिसतो. समजा, २० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर ६ मिलिमीटरच्या चावीची खाच पाडायची आहे. शाफ्ट वाइसमध्ये बांधला, स्पिंडलमध्ये ६ मिलिमीटरचा एंडमिल लावला. आता स्पिंडल बंद ठेवून कटर शाफ्टच्या बाजूला, त्याच्या निम्म्या उंचीच्या खाली उतरवायचा. मध्ये कागदाचा कपटा धरायचा. साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड भरतो, खात्री हवी तर मायक्रोमीटर आहेच. चाक एकेक टिक फिरवत कटर जवळ आणायचा आणि दुसऱ्या हाताने कपटा मागेपुढे ओढत राहायचा. एका क्षणी कागद अडतो. हा ‘टच’.

इथून हिशेब सरळ आहे. शाफ्टची त्रिज्या १०, कटरची ३, कागद ०.१. कटर वर उचलून १३.१ मिलिमीटर सरकवला की तो शाफ्टच्या बरोबर मध्यावर येतो. तिथे माथ्यावर पुन्हा कागदाने टच घ्यायचा. मग स्पिंडल चालू करून अर्धा-अर्धा मिलिमीटर उतरत चाकानेच मागेपुढे कट मारायचे. या मापाच्या चावीसाठी शाफ्टमधली खोली ३.५ मिलिमीटर लागते, म्हणजे सात कट. नाजूक सांगाड्याच्या यंत्रावर कट आणखी हलके घ्यायचे. प्रोग्रॅमची एक ओळही लिहावी लागत नाही.

मोटरीच्या शेपटीला हँडल

ही सोय करायचा सगळ्यात सरळ वाटणारा मार्ग म्हणजे मोटरीलाच हँडल लावणं. काही स्टेपर मोटरींचा दांडा मागूनही बाहेर आलेला असतो. त्यावर चाक बसवलं की झालं जुनं मिलिंग. याचा मोठा फायदा म्हणजे कटर धातूत शिरला, अडला, घासला की हाताला लगेच समजतं.

अडचणी मात्र बऱ्याच आहेत. वीज चालू असताना स्टेपर मोटर आपली जागा घट्ट धरून ठेवते, त्यामुळे हँडल फिरवायला ड्रायव्हर बंद करावे लागतात. आणि घरगुती यंत्र बहुधा ‘ओपन लूप’ असतं, म्हणजे डोळे बांधून पावलं मोजत चालणाऱ्या माणसासारखं. मोटरीला किती पावलं सांगितली एवढंच त्याला ठाऊक; टेबल खरंच कुठे आहे, हे ते पाहत नाही. हाताने टेबल हलवलं की त्याचा हिशेब चुकला. शिवाय हाताने जोरात फिरवलेली मोटर उलट जनित्रासारखी वागते आणि ती वीज ड्रायव्हरमध्ये घुसून तो जळू शकतो. प्रोग्रॅम चालू असताना हँडलं आपोआप गरगरतात. बाहीचं टोक किंवा बोट अडकायला तेवढं पुरे. एका बाजूला मूठ असलेलं चाक वेगात फिरलं तर थरथर सुटते ती वेगळीच.

सगळ्यात कमी लक्षात येणारा धोका बॉलस्क्रूचा. जुन्या मिलिंगचा जाड आट्यांचा स्क्रू घर्षणामुळे टेबल धरून ठेवतो. बॉलस्क्रूमध्ये गोळ्यांवर नट फिरतो, घर्षण नावालाच. मोटर बंद असेल तर कटर टेबल स्वतःकडे ओढून घेऊ शकतो, आणि उभ्या अक्षावरचं स्पिंडल आपल्याच वजनाने खाली येऊ शकतं. म्हणून मोटरीला हँडल लावायचंच असेल तर स्लाइडला लॉक, उभ्या अक्षाला ब्रेक किंवा तोलाचं वजन, आणि टेबलची खरी जागा दाखवणारा डिजिटल रीडआउट, एवढा सरंजाम लागतो.

शंभर टिकांचं चाक

दुसरा मार्ग कारखान्यातल्या एमपीजीचा. या चाकाचा स्क्रूशी काहीही संबंध नसतो. एका फेऱ्यात शंभर टिका, आणि प्रत्येक टिकेला दोन तारांवरून किंचित मागेपुढे येणारे दोन इशारे. कुठला आधी आला यावरून फिरवण्याची दिशा ठरते. शेजारच्या एका खटक्याने अक्ष निवडायचा, दुसऱ्याने पट. एका टिकेला ०.००१, ०.०१ किंवा ०.१ मिलिमीटर. मधल्या पटावर चाकाचा पूर्ण फेरा म्हणजे बरोबर १ मिलिमीटर. हुकूम नियंत्रकामार्फतच जात असल्याने हिशेब कुठेही तुटत नाही.

मात्र चाकाच्या टिका आणि यंत्राची पावलं यांची सांगड पाहून घ्यावी लागते. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे आठ भाग केले आणि स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकत असेल, तर १ मिलिमीटरला ३२० पावलं होतात, म्हणजे एक पाऊल सुमारे ०.००३ मिलिमीटरचं. अशा यंत्रावर ०.००१ चा पट शोभेपुरताच. स्क्रू-नटमध्ये प्ले असेल तर दिशा बदलल्यावर पहिल्या काही टिका त्यातच जिरतात. टच नेहमी एकाच बाजूने घ्यायची जुन्या मिलिंगवाल्यांची सवय म्हणून इथेही कामी येते.

मोठ्या पटावर वेगळाच घोळ होतो. ०.१ वर ठेवून सेकंदाला तीन फेरे मारले तर मागणी होते मिनिटाला १,८०० मिलिमीटरची. छोट्या यंत्राला तो वेग झेपला नाही, तर मोटर स्टेप सोडते किंवा हात थांबला तरी टेबल राहिलेल्या टिका पुऱ्या करत चालतच राहतं. कटर वाइसवर आदळायचा तो अशा वेळी. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेतल्या कामातून पुढे आलेल्या लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरमध्ये चाक थांबताच अक्ष थांबावा अशी सेटिंग आहे. ग्रबलच्या १.१ आवृत्तीत हाताने सरकवण्याचा आणि ती हालचाल मध्येच रद्द करण्याचा वेगळा हुकूम आहे. तिथे चाक वाचायला बहुतेक जण दुसरा एक छोटा बोर्ड जोडतात.

एक गोष्ट या चाकातून मिळत नाही, ती म्हणजे हाताला लागणारा कट. धातू अडला तरी चाक तितकंच हलकं फिरतं. इथे कानावर भिस्त ठेवावी लागते.

आधी थांबवायची बटणं

चाकाच्याही आधी बसवायला हवीत ती थांबवायची बटणं. ग्रबल आर्डुइनो उनोवर चालत असेल तर ए०, ए१ आणि ए२ या पिना त्यासाठीच राखलेल्या आहेत. पहिली रीसेटची, दुसरी ‘होल्ड’ची, तिसरी पुन्हा चालू करायची. होल्ड दाबलं की यंत्र वेग उतरवत थांबतं, जागा विसरत नाही; चिप काढून काम तिथूनच पुढे नेता येतं. रीसेट चालत्या यंत्रावर दाबलं तर जागेची खात्री उरत नाही. कटचा आवाज बिघडला की फीड कमी करायची सोयही त्यात आहे. ठरवलेल्या वेगाच्या १० ते २०० टक्क्यांपर्यंत तो चालू कामातच बदलता येतो.

लाल, छत्रीसारखं इमर्जन्सी बटण या सगळ्यांपेक्षा वेगळं. त्याने संगणकाला निरोप देऊन भागत नाही. मोटरींची आणि स्पिंडलची वीज प्रत्यक्ष तुटली पाहिजे. त्याची जोडणी एरवी बंद राहणाऱ्या संपर्काची ठेवतात, म्हणजे उंदराने वायर कुरतडली तरी यंत्र थांबतं. बटणांच्या वायरी स्पिंडलच्या वायरीपासून दूर आणि शील्ड असलेल्याच घ्याव्यात. गावठाणात सिंगल फेज असते, त्यामुळे थ्री फेज स्पिंडलला सिंगलवरून थ्री फेज करून देणारा व्हीएफडी लावावा लागतो, आणि त्याच्या विद्युत गोंधळाने होल्डचं बटण आपोआप दाबल्यासारखं होणं ही घरगुती यंत्रांची नेहमीची तक्रार आहे.

मध्येच वीज गेली तर काय, हा प्रश्न मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. ओपन लूप यंत्र अशा वेळी जागा विसरतं. पण प्रत्येक अक्षाला होमिंगचा स्विच असेल, तर वीज आल्यावर यंत्र आधी घरच्या कोपऱ्यात जाऊन येतं, आणि जॉबचा झिरो ग्रबलने बोर्डात जपून ठेवलेला असल्यास काम पुढे चालू होतं.

राहता राहिली चाकाची दिशा. आयटीआयमध्ये टर्नर किंवा मशिनिस्टचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या कारागिराचा हात हँडलच्या मिलिंगवर बसलेला असतो; हँडल फिरवलं की टेबल कुठे जाणार, हे तो टेबलकडे पाहून ठरवतो. सीएनसीमध्ये मात्र अधिकची दिशा जॉबच्या हिशेबाने कटर कुठे जातो यावरून धरतात. कटर उजवीकडे जायचा, तर सरकतं टेबल डावीकडे जातं. सवयीने उलटं फिरवलेलं चाक कटर मोडतं. यंत्र ज्याच्या हाती राहणार त्याला विचारूनच ही दिशा ठरवलेली बरी. चाकाच्या दोन इशाऱ्यांच्या वायरी अदलाबदल केल्या की ती उलटते, आणि खोक्यावर रंगाने एक बाण काढला की नवख्यालाही विचारावं लागत नाही.