पाते लवते न लवते तोच

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तुमच्या शिक्षकांपैकी अनेकांना ती १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शनवर पाहिल्याचे आठवत असेल. सप्टेंबर १९६६ ते जून १९६९ या काळात अमेरिकेत तिचे ७९ भाग दाखवले गेले. त्यांतला तिसऱ्या वर्षाचा गट साधारणपणे कमी प्रतीचा मानतात. मालिकेसाठी मिळणारा पैसा त्या वर्षी कमी झाला होता आणि तिला शुक्रवारी रात्री दहाची गैरसोयीची वेळ मिळाली होती. याच गटात २९ नोव्हेंबर १९६८ रोजी दाखवलेला एक भाग आहे. त्याचे नाव ‘विंक ऑफ ॲन आय’, म्हणजे पापणी लवण्याइतका क्षण. मालिकेच्या चाहत्यांना विचाराल तर बहुतेक जण ‘शास्त्रीयदृष्ट्या अशक्य’ असे म्हणून तो बाजूला सारतील.

अशक्य आहे, हे मला मान्य आहे. पण भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना या मालिकेतला एकच भाग दाखवायचा झाला, तर मी हाच दाखवीन. का, ते आता पाहू.

आधी कथा थोडक्यात सांगतो. ‘एंटरप्राइज’ हे अवकाशयान स्कॅलोस नावाच्या ग्रहावरून आलेली मदतीची हाक ऐकून तेथे पोचते. ग्रहावर इमारती आहेत, पण माणूस एकही नाही. ऐकू येते ती फक्त कीटकांची गुणगुण; कीटक मात्र दिसत नाहीत. यानावर परतल्यावर तीच गुणगुण तेथेही ऐकू येऊ लागते आणि यंत्रे आपोआप बिघडू लागतात. मग कप्तान कर्क कॉफीचा एक घोट घेतो, आणि त्याच्या भोवतीचे सारे सहकारी पुतळ्यासारखे थिजून जातात. समोर एक स्त्री उभी असते. ही स्कॅलोसची राणी डीला. ज्वालामुखींच्या उद्रेकांनंतर त्या ग्रहाचे पाणी दूषित झाले आणि लोकांच्या शरीराचे सर्व व्यवहार प्रचंड वेगाने होऊ लागले. त्यांची मुले दगावली, पुरुष वांझ झाले. आता वंश टिकवण्यासाठी त्यांना बाहेरची माणसे हवी आहेत. कर्कच्या कॉफीत तेच पाणी मिसळलेले होते. थिजलेले कोणीच नव्हते. कर्कच वेगवान झाला होता.

या कल्पनेत एक राशी लपलेली आहे. वेगवान माणसाचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या किती पट वेगाने चालते? या पटीला आपण ‘प’ म्हणू. ‘प’ दहा असेल, तर आपल्या एका सेकंदात डीलाचे दहा सेकंद होतील. कथेत हा आकडा कोणी सांगत नाही. तो आपण काढायचा. कथेत पुरावे भरपूर आहेत.

पहिला पुरावा गुणगुणीचा. स्त्रीच्या आवाजाची मूळ वारंवारता सुमारे २०० हर्ट्झ असते, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला २०० वेळा कंप पावतात. डीलाचे स्वरतंतू तिच्या सेकंदात २०० वेळा कंप पावतात, म्हणून आपल्या सेकंदात ते २०० गुणिले ‘प’ इतक्या वेळा कंप पावतील. डासाची गुणगुण सुमारे ५०० हर्ट्झची असते. तेव्हा डीलाचे बोलणे कीटकांच्या गुणगुणीसारखे वाटायचे असेल, तर ‘प’ तीन ते दहाच्या आसपास हवी. ‘प’ ५० झाली की आवाज १०,००० हर्ट्झची तीक्ष्ण शिट्टी होतो आणि १०० च्या पुढे २०,००० हर्ट्झची मर्यादा ओलांडून तो आपल्या कानांच्या बाहेर जातो.

या भागातला माझा सर्वांत आवडता प्रसंग येथेच आहे. मदतीची हाक ध्वनिमुद्रित करून ठेवलेली असते. ती तपासताना स्पॉकच्या हातून फीत चुकून फार वेगाने फिरते आणि माणसाचे बोलणे कर्कश गुंजारवात बदलते. स्पॉक थबकतो. यानावर ऐकू येणारा आवाज हाच! मग उलट विचार सुरू होतो. बोलणे वेगाने वाजवल्यावर गुणगुण होते, तर गुणगुण सावकाश वाजवली की बोलणे मिळाले पाहिजे. कर्कने आपल्या वेगवान जगातून मागे ठेवलेला निरोप अशाच रीतीने उलगडतो. येथे किरण नाहीत, स्फोट नाहीत. एक निरीक्षण, एक तर्क आणि त्याची पडताळणी, एवढेच आहे. दूरचित्रवाणीवर शास्त्रज्ञाचे डोके इतक्या सरळपणे चालताना क्वचितच दाखवतात.

आणि ही युक्ती खरी आहे. वटवाघळांचे आवाज बहुधा २० ते १०० किलोहर्ट्झच्या दरम्यान असतात, म्हणून ते आपल्याला ऐकू येत नाहीत. संशोधक ते मुद्रित करून दहा पट सावकाश वाजवतात. ४५ किलोहर्ट्झचा आवाज मग साडेचार किलोहर्ट्झचा होतो आणि स्पष्ट ऐकू येतो. निळ्या देवमाशाचे प्रकरण उलट आहे. त्याची हाक २० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्या श्रवणशक्तीच्या खालच्या काठावर असते. ती दहा पट वेगाने वाजवली की कानांना नीट कळते. वटवाघूळ आपल्यासाठी थोडेसे स्कॅलोसवासी आहे, आणि देवमाशासाठी आपण!

वर्गात हे करून पाहता येईल. पूर्वी ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ७८ फेऱ्यांवर लावली की धीरगंभीर गायकाची चिमणी होत असे. मुलांना हा खेळ फार आवडे. आज मोबाइलवर आवाज मुद्रित करा. मात्र एक सावधगिरी बाळगा. चित्रफीत दुप्पट वेगाने पाहण्याची जी सोय असते, ती आवाजाची पट्टी मुद्दाम मूळ ठेवते, त्यामुळे प्रयोग फसेल. वेगाबरोबर पट्टीही बदलू देणारा ध्वनिसंपादनाचा कार्यक्रम शोधा. मित्राचे एक वाक्य चौपट वेगाने वाजवा आणि शेजारच्या वर्गाला विचारा, हा कोणता प्राणी?

आता दुसरा पुरावा. स्कॅलोसवासी आपल्याला दिसत नाहीत. ‘प’ दहा धरली, तर सेकंदाला एक मीटर चालणारी डीला आपल्याला सेकंदाला दहा मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाताना दिसेल. हा तर स्कूटरचा वेग! स्कूटर काही अदृश्य होत नाही. अदृश्य व्हायचे तर ‘प’ निदान हजार हवी. मग ती पाच मीटरची खोली एका सेकंदाच्या दोनशेव्या भागात ओलांडेल. तरीही ती एके जागी उभी राहिली, तर दिसण्याचा धोका आहे. डोळ्यात प्रतिमा ठसायला एक षोडशांश सेकंद लागतो असे धरले, तर हजार पटीला तो डीलाचा एक मिनिट होतो. तिने एक मिनिटही स्थिर उभे राहता कामा नये. कथेत ती कर्कजवळ चांगली घुटमळते!

तिसरा पुरावा आणखी अडचणीचा आहे. कर्क आपल्या फेझर नावाच्या शस्त्रातून तिच्यावर किरण सोडतो आणि ती सहज बाजूला सरकते. हा किरण प्रकाशाचा मानला, तर तीन मीटर अंतर कापायला त्याला सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागेल. बाजूला व्हायला डीलाला तिचा अर्धा सेकंद हवा. म्हणजे ‘प’ झाली पाच कोटी. या पटीने तिचा आवाज १० अब्ज हर्ट्झचा होईल. त्याची तरंगलांबी सुमारे ३४ नॅनोमीटर येते. हवेतील रेणू एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत सरासरी ६०-७० नॅनोमीटर जातो, तेव्हा इतका आखूड ध्वनितरंग हवेत पुढे सरकूच शकत नाही. गुणगुण कुठली, संपूर्ण शांतता! (फेझरचा किरण म्हणजे प्रकाशच, असे कोणी शपथेवर सांगितलेले नाही. तो बंदुकीच्या गोळीसारखा सेकंदाला एक किलोमीटर जातो असे धरून तुम्हीच ‘प’ काढा. उत्तर दोनशेच्या आत येईल.)

म्हणजे एकाच कथेत तीन निरनिराळ्या पटी निघाल्या. टीकाकार येथे पुस्तक मिटतात. माझ्या मते ते येथे उघडायला हवे. जिच्यात आकडे काढताच येत नाहीत अशी गोष्ट चूकही ठरत नाही आणि बरोबरही. पुष्कळ नावाजलेल्या विज्ञानकथांत एखादे यंत्र असते, ते काय करते हे लेखकाच्या लहरीवर असते, आणि आपण मान डोलावतो. येथे लेखकाने एकच गृहीत मांडले आणि त्याचे परिणाम पडद्यावर दाखवले, म्हणून तर ते पकडता आले.

हजार ही पट कायम धरून आणखी थोडे पुढे जाऊ. दिवे लावलेल्या खोलीत सुमारे ३०० लक्स प्रकाश असतो. वेगवान डोळ्याला त्याच्या एका सेकंदात याचा हजारावा भाग मिळेल, म्हणजे ०.३ लक्स; जवळजवळ पौर्णिमेचे चांदणे. चांदण्यात रंग कळत नाहीत. मालिकेतले ते लाल, पिवळे, निळे गणवेश कर्कला राखाडी दिसायला हवेत. एक मीटर उंचीवरून सुटलेला कप जमिनीवर पडायला ०.४५ सेकंद लागतात. कर्कच्या घड्याळाने साडेसात मिनिटे. आणि उष्णता? स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट खर्च करते. हजार पटीने ते एक लाख वॅट होतील, म्हणजे दोन हजार वॅटचे ५० गीझर एका कातडीत. शिवाय डीला आवाजाच्या तिप्पट वेगाने चालते, तेव्हा हवेच्या घर्षणाने तिचा पोशाखही होरपळेल. ही शेवटची गोष्ट एच. जी. वेल्स यांनी १९०१ सालीच ओळखली होती. ‘द न्यू ॲक्सिलरेटर’ या त्यांच्या कथेत असेच वेगाचे औषध घेऊन फिरणाऱ्यांचे कपडे करपू लागतात. स्टार ट्रेकच्या लेखकांनी हे सोडून दिले. ते ध्यानात घेतले असते, तर बरे झाले असते.

खरे भोक मात्र दुसरीकडेच आहे आणि ते मी झाकणार नाही. कर्क आणि डीला यांचे बोलणे, भांडणे, झटापटी चालू असताना इकडे स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय प्रयोगशाळेत पाणी तपासतात आणि उतारा तयार करतात. हजार पटीने कर्कचा एक तास म्हणजे स्पॉकचे ३.६ सेकंद. एवढ्या वेळात स्पॉकची भुवईही पुरती वर जाणार नाही! येथे ‘प’ जवळजवळ एकवर येते. नाट्यासाठी हिशेब सोडला, हे उघड आहे. पण शेवटी स्पॉक स्वतः ते पाणी पितो आणि वेगवान असतानाच यानाची दुरुस्ती उरकून घेतो, तेव्हा हिशेब पुन्हा जागेवर येतो. आठ तासांचे काम, आपले २९ सेकंद.

निसर्गात असे काही आहे का? थोडेसे आहे. लुकलुकणारा दिवा सेकंदाला सुमारे ६० वेळांहून अधिक लुकलुकला की आपल्याला तो अखंड दिसतो. घरमाशीची ही मर्यादा २५० च्या आसपास आहे. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आपल्याला त्याचा पत्ता नसतो, माशीला तो लखलखाट दिसतो. तिला मारायला उगारलेला आपला हातही तिच्या दृष्टीने रेंगाळत येतो. डोळ्यांपुरती तिची ‘प’ चार मानायला हरकत नाही. स्कॅलोसवासीयांचा आवाज कीटकांसारखा ठेवण्याचे ज्याला सुचले, त्याला हे ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे!

कथेच्या शेवटी कर्क उतारा घेऊन आपल्या वेगात परततो. डीला आपल्या उरलेल्या माणसांसह रिकाम्या ग्रहावर गेलेली आहे. यानाच्या पडद्यावर तिचे मुद्रित चित्र येते आणि कर्क हलकेच तिचा निरोप घेतो. तिला तीस वर्षांची समजा आणि पुढे आणखी चाळीस वर्षे द्या. हजार पटीने ती चाळीस वर्षे आपल्या साधारण पंधरा दिवसांत संपतात. एंटरप्राइज तेव्हा एखाद्या दुसऱ्याच ग्रहाभोवती फिरत असेल. पाच कोटी ही पट घेतली, तर पंचवीस सेकंदांत. पडद्यावरचे चित्र विझायला साधारण तेवढाच वेळ लागतो.